उजव्या आंगाले

सोहारमध्ये अकरा वर्षं टँकर हाकला.
आता दारव्ह्याच्या रस्त्यावर साळ्याची बोलेरो.
सवयीनं डावीकडून चढलो, बसलो,
समोर स्टिअरिंगच नाही.
पंचफुला बाहेरूनच म्हणाली,
‘मी चालवू काय मंग?’

गिअर शोधत उजवा हात दारावर आपटतो.
बोरीच्या वळणावर सिग्नल द्यायला गेलो
तर वायपर सुरू.
एप्रिलच्या उन्हात, कोरड्या काचेवर, खरखर.
पळसाखालची पोरं खिदळली.

अडाणच्या पुलावर समोरून एसटी.
हात म्हणतो इकडं, डोळा म्हणतो तिकडं.
ड्रायव्हरनं हासडलेली शिवी मात्र
थेट आपल्या बोलीत आली.
बरं वाटलं.

उतारावर सोनबा मडावीची बंडी थांबलेली.
त्यानं सगळं पाहिलं होतं.
‘डाव्या आंगचा बैल उजव्या आंगाले जुपला,
त आठ रोज मान टाकते.’
मंग?
‘मंग शिकते. एक नाई शिकला.
त्याले डावाच ठेवला.’

रात्री अंगणात, खाटेवर,
डावा हात हवेतच गिअर टाकत होता.
पंचफुला बघत राहिली, मग थोडी सरकली.
अकरा वर्षं
ती मधोमध निजत होती.