हातचा

लाँग्टनच्या या पॉटरीत कपांना कान लावतात
वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडक्यांपाशी.
कान लावणाऱ्या सात जणी.
मी जिन्याखालच्या खोलीत, लेखा विभागात.
आडनाव कारखानीस :
कोण्या सरदाराच्या पीलखान्याचा जमाखर्च लिहिणाऱ्यांचा वंशज,
हत्तीमागे चारा किती, माहुतामागे दाणे किती.
फोरमन मला कार्की म्हणतो. चालतं.

ऑक्टोबरचं असं आहे :
बाराशे डझन कप.
डझनाला वीस मिनिटं, म्हणजे चारशे तास,
तासाला बारा पौंड.
हे प्रमाण. हे व्हायला हवं होतं.

झालं ते असं की पगार गेला चारशे तीस तासांचा.
त्यातले अठरा हातावर हात ठेवून,
कारण मातीच्या घोलाचा पंप बसला
आणि साती जणी बिस्किटं बुडवत राहिल्या चहात
दुसऱ्या कुठल्यातरी महिन्यातल्या कपांतून.
दोनशे सोळा पौंड, प्रतिकूल.

दराची तफावत एकशे बहात्तर, अनुकूल :
ब्रेंडा निवृत्त झाली,
तिच्या जागी शनीस, वय एकोणीस, स्वस्त.
कार्यक्षमतेची एकशे चव्वेचाळीस, प्रतिकूल :
इथेही मी शनीसच लिहिणार होतो.
एकाच पोरीनं एका रकान्यात कमवायचं,
शेजारच्यात उधळायचं.
एकूण एकशे अठ्ठ्याऐंशी गेले.
ताळा जमला.

ऑलरिजसाहेब म्हणाले, वर जाऊन बघून ये.
'कारण' या रकान्याची रुंदी साडेतीन इंच.

वर गेलो. घड्याळ खिशातच ठेवलं, तरी त्यांना कळलंच.
शनीस, एकवीस मिनिटं.
सगळ्यांत संथ डोरीन. तेवीस.
"बस, डक," डोरीन म्हणाली (इथे सगळेच सगळ्यांना बदक म्हणतात),
"वीस मिनिटं ना? ती माझीच आहेत."

एक्क्याण्णव साल. केंड्रिक नावाचा माणूस
तीन दिवस तिच्या पाठीशी उभा, हातात स्टॉपवॉच.
ती चोवीस वर्षांची.
बाकीच्या पुटपुटत होत्या, अगं हळू, आमच्या पोटाचं बघ.
"पण हातच ऐकेनात," ती म्हणाली.
"घोलात बुडव, टेकव, स्पंज, पुढचा. घोलात बुडव, टेकव."
केंड्रिकनं वीसवर रेघ मारली
आणि ती रेघ अजून तिथेच आहे,
माझ्या तक्त्यात, दुसऱ्या ओळीत, नाव नसलेली.

म्हणजे मी दर महिन्याला काय करत आलो?
डोरीनमधून डोरीन वजा.
बाकी उरते तीन मिनिटं,
डझनाला साठ पेन्स.

अंगठ्याचा सांधा सुपारीएवढा झालाय तिचा.
पण तीनही मिनिटं काही सांध्यात जात नाहीत.
मी पाहिलं, मधेच मान वळवून
शनीसच्या बोटांवर ती आपली बोटं ठेवते :
"इथे दाब. पिळू नकोस. कान ओढल्यागत नाही गं,
कानात सांगितल्यागत."
हा वेळ कोणाच्या नावावर टाकायचा,
शिकवलेलं असेल कुठे, तर मला आठवत नाही.

निघताना तिनं विचारलं,
"कार्की, तुझं एक पान किती मिनिटांत होतं?"
माझ्या पाठीशी कधीच कोणी उभं राहिलेलं नाही.

खाली येऊन लिहिलं : पंप नादुरुस्त. नवीन कामगार.
साडेतीन इंच भरले.
मग पेन्सिलनं, रकान्याच्या डोक्यावर,
शाळेत बेरजेवर लिहायचो तसा बारीक
एक तीनचा आकडा.
हातचा. पुढच्या घरात मिळवायचा,
विसरलात तर सगळं चुकेल, असं बाई म्हणायच्या.

ऑलरिज विचारतील, हे काय.
खोडरबर माझ्याच खणात आहे.
बघू.