ताव

एकतीस वर्षं मी नोटप्रेसमध्ये ताव तपासले.
शाईचा ठिपका सरकला, आकडा जरा कलला,
की लाल खूण, आणि अख्खा ताव बाद.
त्यावर किती हजार होते, हे कुणी विचारत नसे.

आता निवृत्त. जेल रोडच्या आमच्या क्लबचा सेक्रेटरी.
बास्केटबॉलचं एक कोर्ट, मागं पाण्याची टाकी,
दोन रिंगा, त्यातली एक अंगठाभर वाकडी,
आणि टेबलावर आदेश पगारेचा कोरा फॉर्म.

नाव आदेश. ऐकलं आजवर कुणाचंच नाही.
सहा फूट चार. हात असा, की चेंडू सुटल्यावर
आपण रिंगकडे बघायचं विसरतो
आणि त्याच्या बोटांकडे बघत राहतो;
गाडी निघून गेली तरी निरोपाला उचललेली बोटं
थोडा वेळ वरच राहतात ना, तशी.

मग बाकीचं.
सांगलीत पंचाची शिट्टी हिसकावून नाल्यात.
जळगावला फायनल, हा गायब,
सापडला इथंच, द्वारकेच्या पुलाखाली, पायांत बूट नाहीत.
दोन क्लबांची उधारी.
आणि मागच्या मे महिन्यात, सिडकोच्या मैदानावर,
सरावात, साध्या सरावात,
कोपर मारून पाडलेला एक दात.
दात आमच्याच पोराचा. कौस्तुभ शिरसाठचा.

मीटिंगला चहा आला, त्यावर साय धरली.
दाणी म्हणाले, चार वर्षं पहिल्याच फेरीत घरी येतोय आपण,
सद्वर्तनाचा कप देतात का कुठं?
निकुंभ मॅडम म्हणाल्या, एकासाठी
नऊ पोरं हातची घालवाल.
गुंजाळ म्हणाला, पोरगं मुळात वाईट नाही हो,
बाप गेल्यापासून ते जरा...
आणि पुढचं वाक्य त्यालाही सापडेना.
मग सगळेच बोलू लागले, तावातावानं.
मला हसू आलं. असले ताव मी तपासले नव्हते कधी.

खरं सांगू? त्याच्या रागाची मला भीती नव्हती.
भीती ही, की तो जिंकून देईल.
मग त्याचं काहीही आम्ही खपवून घेऊ,
आणि खोटं नाणं खपवताना
आधी आपलाच हात खोटा होतो.

कौस्तुभला गाठलं. पहाटे साडेपाचला येतो तो, रोज.
कोर्ट झाडतो, शंभर फ्री थ्रो मारतो, साठ जातात.
आदेशला घेतलं तर बाकावर बसणार हाच.
"तुझं काय म्हणणं?"
जिभेनं त्यानं दाताची रिकामी जागा चाचपली.
"पास देईन, काका. मोकळा असला तर नक्की देईन.
डबा नाही खाणार त्याच्यासोबत."
आणि पुन्हा रेषेवर जाऊन उभा राहिला.
तो चेंडू गेला नाही.

फॉर्म मी भरला नाही. फाडलाही नाही.
आदेशला निरोप धाडला: उद्या साडेपाच. खराटा तुझा.

आला तो सहा वाजून दहा मिनिटांनी,
डोळे तांबारलेले, नाड्या लोंबत्या.
कौस्तुभनं अर्धं कोर्ट झाडून ठेवलं होतं,
बरोब्बर मधल्या रेषेपर्यंत,
आणि खराटा रेषेवर आडवा.
आदेशनं रेषेकडे पाहिलं.
कौस्तुभकडे पाहिलं नाही.
वाकला.

एकतीस वर्षांत एक चुकीचा ताव
माझ्या नजरेखालून सुटला नाही.
त्या दिवशी हजेरीवहीत मी वेळ लिहिली,
साडेपाच.

दाणींना सांगू नका.
मॅडमना तर नकोच.