ओलं बोट

देवशीभाईंनी शेडकार्ड उघडलं, पंख्यासारखं.
चौदाशे रंग, आणि प्रत्येकाला नाव :
भिजली वाळू, सकाळची साय, शांत राख.
मी म्हटलं, भिंत रंगवायचीय, बारसं नाही करायचं.
ते हसले, आणि वीस लिटरच्या बादलीवर
दहा टक्के कमी केले.

मी ती जवळजवळ घेतलीच होती.
फरशी, ओटा, नळ, वायरिंग,
पैसे आधीच पुढे गेलेले.
रंग नेहमी शेवटच्या पंगतीला बसतो,
त्याला मिळतं ते तळाचं.

भाऊ म्हणाले, थांब.

भाऊ म्हणजे माझे वडील.
रबाळ्याच्या रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं.
नखांच्या कडेला निळं असायचंच,
जेवताना, आरतीत टाळ्या वाजवताना,
आईला खांदा दिला त्या दिवशीही.
ऐरोलीतल्या आमच्या दोन खोल्यांना मात्र कायम चुना,
त्यात चिमूटभर नीळ.
टेकलं की पाठ पांढरी.
शाळेत मला खडू म्हणायचे.

त्यांनी बादलीचं झाकण काढायला लावलं.
दोन बोटांत थेंब चोळला,
आमटीचा घ्यावा तसा वास घेतला.
म्हणाले, यात खडू जास्त, डिंक कमी.
वर्षभर छान दिसेल, मग कपड्यांना लागेल.
काका, सगळे हाच नेतात, देवशीभाई म्हणाले.
माहितीय, भाऊ म्हणाले, आम्हीच भरायचो.
डब्यावरचं नाव तेवढं बदलायचं.

दुसरा डबा आला.
किंमत मी दोनदा वाचली.

पश्चिमेची भिंत खाडीकडे तोंड करून उभी,
बारा महिने खारं खाते.
मुनिरामने ती आधी खरवडली,
पोपडे पोत्यात भरले,
मग प्राइमर, लांबी, घासकाम, पुन्हा प्राइमर.
सहाव्या दिवशी मी विचारलं, रंग कधी?
तो म्हणाला, ताई, हाच तर रंग आहे.
वरून लावतो ती फक्त सही.

दारांवरून आमचं भांडण झालं.
भाऊंना ऑइल पेंट हवा होता,
काचेसारखा, तोंड दिसेल असा.
वास येत नाही तो रंग कसला, म्हणाले,
हिंगाशिवाय फोडणी.
त्यांच्या छातीचा फोटो डॉक्टरांनी
मला एकटीला दाखवला होता,
खिडकीच्या उजेडात धरून.
त्यात डावीकडे खाली
जुन्या भिंतीवर येते तशी ओल.

मी पाण्यातला आणला.
घरी सांगितलं, ऑइलच आहे, नवीन निघालंय,
वास काढून टाकलाय त्यांनी.
भाऊंनी झाकण उचललं.
नाक जवळ नेलं. बराच वेळ.
एका थेंबातून खडू ओळखणारा माणूस.
मग झाकण नीट बसवलं,
वर मूठ ठोकली, कारखान्यातली सवय,
आणि म्हणाले,
हल्ली काय काय काढतात.

भिंती वाळल्या. मी निवडलेली राख
दुपारी राखेसारखी दिसत नाही,
सोललेल्या फणसाच्या आठळीसारखी दिसते. चालेल.
भाऊंनी बोट पेल्यात बुडवलं
आणि खाडीकडच्या भिंतीवर दाबून ओढलं,
खिडकीपासून स्विचबोर्डापर्यंत.
मग ते बोट माझ्यासमोर धरलं.
कोरं. नखाच्या कडेलासुद्धा काही नाही.
बघ, म्हणाले.
मी बघितलं.

दाराला मात्र
त्यांनी बोट लावलं नाही.
मोरीत मुनिराम ब्रश धूत होता,
दार रंगवलेलाच,
नळ मोठा सोडून,
साध्या पाण्याने.
भाऊ दारात उभे राहून बघत होते.
मी चहा टाकायला गेले.