आणि मग?

"झोप नाही," एवढंच म्हणाला ज्वांग म्हातारा
आणि मनगट पुढं केलं,
तराजूत काही टाकावं तसं.

येन बाईंनी नाडी धरली नाही.
चहा ओतला.
झोप लागत नाही, की लागून मोडते?
मोडते.
किती वाजता?
घड्याळ कोण बघतं.
बरं. तेव्हा बाहेर कसला आवाज असतो?

मी कोपऱ्यात, वही घेऊन, शिकाऊ.
एव्हाना 'निद्रानाश' लिहून
खाली दोन रेघा ओढून मोकळी झाले होते.
खिडकीपलीकडे छ्वानझौच्या मासळीबाजारात
कुणी बर्फ फोडत होतं.

आवाज नसतो, बऱ्याच वेळानं तो म्हणाला.
बोटी सुटायच्या आधीची वेळ.
घाम?
येतो.
कुठं?
माझ्याकडं बघून तो जरा ओशाळला,
मग कपाळ दाखवलं, छाती,
हात कोपरापर्यंत.
पाठ?
कोरडी.
पाय?
गार.

समोरून भाजल्यासारखा, बाई पुटपुटल्या.
त्यांचा चहा निवून गेला होता.
आणि मग?
मग काय, उठून बसतो.
आणि मग?
तहान लागते. पण घोटभरच, तेही कढत.
आणि हात? हात काय करतात?

दहा प्रश्न मला तोंडपाठ होते,
थंडी-तापापासून जुन्या दुखण्यांपर्यंत.
हा त्यांत नव्हता.

त्यानं हात उचलले, आणि
उजवा आपोआप फिरू लागला,
हवेतच, सावकाश, जड काही ढकलत.
डावा मधूनच ओंजळभर काही सोडत होता.
त्याचं त्यालाच नवल वाटलं.
एक्केचाळीस वर्षं, तो म्हणाला.
रात्री तीनला जातं, समोर भट्टी,
उजाडायच्या आत टोफू पाटीत.
गेल्या हिवाळ्यात पोरानं दुकान
मोबाईलवाल्याला दिलं.

मग बाईंनी नाडी पाहिली. जीभ पाहिली.
आंबट बोरांच्या बिया लिहिल्या, आणखी काही लिहिलं,
एक मुळी खोडली.
जातं कुठं आहे?
जिन्याखाली. वर नातवाची सायकल.
कागदाच्या तळाशी, औषधांच्याच ओळीत,
त्यांनी लिहिलं: सायकल हलवणे.

मी वहीत जागा शोधत होते.
त्या दोन रेघांखाली पान संपलं होतं.

दारापर्यंत गेलेला ज्वांग म्हातारा वळला.
आता प्रश्न त्याचा होता:
सोयाबीन किती भिजवू?

येन बाईंनी पेन खाली ठेवलं.
घरी खाणारी तोंडं किती?