डावा बूट

ठवकर, म्हणतात सोहोनी. एकशेअठ्ठेचाळीसचा वेग.
विषय संपला.
सोहोनींचे विषय असेच संपतात,
बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज दोन-तीन.

कुठं संपला, म्हणतो रिक्षावाला शेलार,
एक पाय रिक्षात, एक फुटपाथवर.
वेग काय चाटायचाय?
तिकडं ढग असतात, हवेत ओल असते,
तिकडं आपला अत्तारच पाहिजे.
चेंडू असा आत आणतो, असा,
आणि कपातला चहा त्याच्या मनगटासोबत
आत वळतो, सोहोनींच्या पायजम्यावर.

नेहरू स्टेडियमची भिंत, सारसबागेकडची बाजू.
माझी टपरी पाच बाय चार.
बॅटला दोरा, ग्लोव्हजला ठिगळ, बुटाला खिळे.
एकवीस वर्षं मी मॅच भिंतीच्या अलीकडून ऐकतो;
आउट कुठला आणि नुसतं अपील कुठलं
ते ओरडणं कुठं तुटतं त्यावरून कळतं.

जागा एकच आहे. पंधरावी.
विमानात बसेल, पाणी नेईल, आणि कदाचित
तिसऱ्या कसोटीत कुणाची मांडी धरली तर...
त्या 'तर'वर सकाळपासून तीन चहा झाले.

सोहोनी वही काढतात. लाल शाई.
ठवकर, सरासरी बावीस पूर्णांक चार.
अत्तार पंचवीस.
पंचवीस, पण कुठल्या खेळपट्ट्यांवर, ओरडतो शेलार,
जिथं गवत बघायला माळ्याच्या घरी जावं लागतं!
ग्लोव्हज न्यायला आलेली शाळकरी पोरगी
कुणी न विचारता म्हणते,
पण तुमच्या दोघांत डावखुरा कुठाय?
दोघं तिच्याकडे बघतात.
मग पुन्हा एकमेकांकडे वळतात.

सगळे बोलतायत, आणि माझ्या मांडीवर
अत्तारचा डावा बूट आहे.
ओळखला नाही कुणी. बूट कोण बघतं.

अंगठ्यापाशी भोक मीच पाडलेलं.
भोक पाडायची रीतही मीच सांगितली होती त्याला,
पहिल्या बुटाच्या वेळी, सतराव्या वर्षी.
बाप रविवार पेठेत कुलपं विकायचा,
पैसे दोन हप्त्यांत दिले, दुसरा हप्ता सुट्या नाण्यांत.

उजव्या हाताने टाकणाऱ्याचा डावा बूट
टाचेला झिजतो. झिजायलाच हवा.
धावत आलेलं सगळं वजन तिथं आदळतं;
शरीराच्या किती पट ते डॉक्टरला ठाऊक,
मला टाच ठाऊक.
हा दिवाळीपासून कडेने झिजतोय.
बाहेरच्या कडेने. टाच जवळजवळ कोरी.
पोरगं टाच चुकवतंय.

काल फळ्या लावत होतो तेव्हा आला.
डोक्यावर हेल्मेट. पुण्यात, गाडीवरून उतरल्यावरसुद्धा.
तेव्हाच समजलो.
काका, आत थोडा स्पंज. बाहेरून दिसायला नको.
किती जाड, विचारलं.
दुखणार नाही इतका.
त्या मापाचा स्पंज बोहरी आळीत मिळत नाही.
मिळतो तो आणला.

आता शेलार माझ्याकडे वळतो.
गंगावणे, तुम्ही सांगा. तुमच्याकडं येतात ना सगळे?
कोण?

माझ्या तोंडात दोरा होता, मेण लावलेला.
तोंडात दोरा असला की बोलता येत नाही,
या धंद्यातलं हे एक बरं आहे.
मान हलवली.
शेलारला ती हो वाटली, सोहोनींना नाही,
आणि दोघंही खूश होऊन
चौथा चहा कोणाकडे यावर भांडू लागले.

साडेचारला नावं येणार आहेत.

अदलाबदल नको म्हणून
प्रत्येक बुटाच्या तळाला मी खडूने नाव घालतो.
याच्यावर घातलेलं नाही.
टाका दुहेरी घेतलाय, आतून,
बोट फिरवलं तरी लागणार नाही असा.
उजवा बाजूला पडून आहे.
उजव्याला काही झालेलं नाही.