आतली गोधडी

मंगळवारी संग्रहालय बंद असतं,
पण हेलेद मागचं दार उघडते माझ्यासाठी.
तिच्या मांजराचं पोट बिघडलं होतं तेव्हा
जनावरांच्या दवाखान्यात फोनवर मीच होते.

टायवी नदीकाठची जुनी लोकरगिरणी,
वरचा मजला, लांब टेबल.
त्यावर ती. तांबडी, काळी, फ्लॅनेलची,
मधोमध गोगलगाईसारखी वेटोळी,
कोपऱ्यांत पानं, शिरांसकट.
नोंदवहीत एक ओळ :
शिवणारी अज्ञात, सुमारे १८७०.

अज्ञात कसली?
डावखुरी होती ती.
वळणावर टाका उलटीकडे कलतो,
माझाही कलतो.
अशा बायका सुई घेऊन शेतोशेती फिरायच्या,
पंधरा दिवस मुक्काम, दोन वेळचं जेवण
आणि वर थोडे शिलिंग.
पहिला आठवडा बरा गेला असावा.
मग इथे, पानाच्या देठाशी,
मालकिणीशी काहीतरी वाजलं :
टाके लांब झालेत, रागीट,
आणि काठाशी येईतो पुन्हा बारीक,
मुकाट.

इंचाला नऊ. मी मोजले.
माझे सहा पडतात,
चष्मा नवा असला तर सात.

फोटो काढायचा नाही, असा नियम.
मी औषधांच्या पावतीमागे वेटोळं उतरवलं.
पहिलं बिघडलं. दुसऱ्याला शिंगं फुटली.
तिसरं जमलं तेव्हा एकटीच हसले
आणि पेन्सिल तोंडात धरून
चौथं काढलं, गरज नसताना.

घरी तीन गोधड्या अर्ध्यावर आहेत.
एकीला काठ नाही, एकीला अस्तर,
तिसरीचं नुसतं कापड आहे आणि उत्साह.
इद्वाल म्हणतो, "पलंग दोन आपल्याकडे.
ही आणखी कुणाच्या अंगावर घालणार?"
मी त्याला सुईत दोरा ओवायला देते.
त्याला दिसत नाही. मग तो गप्प बसतो.

पण मी सांगत होते ते हे,
की निघता निघता हेलेद म्हणाली,
"हातमोजे घाल. ते टोक उचल.
खिडकीकडे धर."

उजेड कापडात शिरला
आणि तांबड्याच्या आत चौकोन दिसले,
निळसर, तपकिरी, मधेच विरलेले,
ठिगळावर ठिगळ.
दुसरीच एक गोधडी, हिच्याही आधीची,
लोकरीच्या जागी भरलेली.
फेकली नव्हती कुणी. दाखवलीही नव्हती.

थंडी होती, लोकर महाग होती,
एवढंच कारण असेल.
मी त्यात अर्थ भरू नये.
बसमध्ये पाऊण तास भरत बसले.

माळ्यावर एक पेटी आहे.
तिच्यात चौऱ्याऐंशी सालची,
टेग्विनच्या लग्नासाठी घेतलेली, फिकट पिवळी.
लग्न झालं. गोधडी झाली नाही.
नंतर आईच्या घरावरून जे झालं ते झालं,
आणि बहिणीशी बोलायला
एकही वाक्य धड उरलं नाही.
पेटीत मात्र सुई तशीच टोचलेली,
गंजलेली, टाक्याच्या मधोमध.

सुई काढली.
बाकी काहीच उसवलं नाही.
वाकडे चौकोन वाकडे ठेवले,
चहाचा डाग डाग ठेवला,
खाली राखाडी, वर तांबडं घातलं,
आणि सगळा हिवाळा चौकटीवर वाकून
गोगलगाई काढत गेले,
वरून खाली, तिन्ही थरांतून,
जुन्या दोऱ्याला नव्या सुईचं टोक
मधून मधून अडायचं,
तेव्हा जरा थांबायचे.

मार्चमध्ये इद्वालने उचलून पाहिली.
"जड आहे. काय कोंबलंयस आत?"
"थंडीचे दिवस आहेत," मी म्हटलं.
खरं तर बाहेर डॅफोडिल आले होते.

पोस्टातल्या पोराने पुडकं काट्यावर ठेवलं.
चार किलो, शंभर ग्रॅम.
पत्ता वाचला, नाव वाचलं,
फॉर्म पुढे ओढून विचारलं, "आत काय?"
"गोधडी."
"नग किती?"
मी जरा वेळ घेतला.
"एकच," म्हटलं, "एकच लिही."