शेवटची चार

हॅवरचा फेब्रुवारी गॅरेजच्या दाराला आतूनही चिकटतो.
मी हीटर पायाशी ओढते, बोटं कापलेले हातमोजे चढवते
आणि लाइलच्या निळ्या प्रेससमोर बसते.

हँडल खाली. हँडल वर. तबकडी एक घर पुढे.
पहिल्या घरात पुंगळी अंग चोरून घेते,
दुसऱ्यात तिला दारू मिळते, मोजून,
तिसऱ्यात मी नुसतं वाकून बघते, मिळाली ना,
चौथ्यात डोक्यावर गोळी बसते
आणि पाचव्यात गळ्याशी घट्ट.
एकच हँडल, पाचही कामं एका दमात.
मग डब्यात टण्.

वहीत त्याच्या अक्षरात: एक पूर्णांक एक तीन पाच इंच.
माझा काटा सांगतो एक तीन पाच, एक तीन सहा, पुन्हा पाच,
आणि मग अचानक एक दोन आठ.
इंचाचे हजार तुकडे केले तर त्यातले सात.
दोन केसांची जाडी.
लोखंडी ताटल्यांना त्याचं सोयरसुतक नाही,
शनिवारी त्या माझ्याकडून पडायच्या तेवढ्याच पडतात.
पण लाइलची काडतुसं ओळीनं उभी करून
वर पट्टी ठेवली, तर खालून उजेड दिसायचा नाही.

रॉडनी पेट्रिच म्हणाला, पितळ सरमिसळ आहे तुझं.
एकोणतीस वर्षं मी पोस्टात पत्रं लावली;
बुडावरचे शिक्के वाचून हजारभर पुंगळ्या
दोन संध्याकाळी खणाखणांत घातल्या.
तरी एक दोन आठ.
मग म्हणाला, तुझा हात. तळापर्यंत नेत नाहीस.
नेला तळापर्यंत. खांदा धरला, लांबी नाही.
मग मी डायचा नट सोडला.
आखूड दिसलं की वर, लांब दिसलं की खाली,
महिनाभर हेच,
आणि डायवरची त्याची पेन्सिलची रेघ
फिरून फिरून पार मागच्या बाजूला गेली.

काल हीटरचं रॉकेल संपलं म्हणून मध्येच आवरतं घेतलं.
नव्या पुंगळ्या घातल्या नाहीत, होत्या तेवढ्या संपवल्या:
पहिलं घर रिकामं, मग दुसरं, मग तिसरं.
हँडल हलकं लागलं,
जिन्याला अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा, तसं.
ती चार मोजली. चारही आखूड.

तबकडी भरलेली असली की सगळ्यांचा मिळून नेट लागतो,
लोखंडसुद्धा केसभर वाकतं.
मागे उरलेल्या एकटीला
तो सगळा जोर डोक्यावर घ्यावा लागतो,
आणि गोळी खोल जाते.

फळीवर कॉफीचा जुना डबा आहे.
झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर लिहिलंय 'शेवटची'.
मी समजत होते, हंगामातली.
असल्या डब्यांची झाकणं बायकोनं उघडायची नसतात,
बेचाळीस वर्षं नाही उघडली.
ओतली. काटा दिसेनासा होईपर्यंत मोजली.
एक दोन आठ. एक दोन नऊ. एक दोन आठ.
सांगायला काय झालं होतं, लाइल?
'व्हर्ना, शेवटची चार धरू नकोस.' एवढंच.

आज नट सोडून रेघ पुढे आणली, जागच्या जागी.
सगळी घरं भरली आणि मगच मोजलं.
पाच. पाच. पाच. सहा. पाच.
सहाला मी हात लावला नाही.

शंभरावर थांबले. हँडल हलकं होत गेलं.
ती चार उचलून त्याच्या डब्यात टाकली
आणि डबा हलवला.
आता कुठली कुणाची, मलाही सांगता येणार नाही.